‘वय झालं’ म्हणण्याआधी: घरातल्या ज्येष्ठांचा स्मृतिभ्रंश – कारणं, तपासण्या, औषधं आणि रोजची देखभाल

होळीचा दिवस होता. सासूबाईंनी (घरात सगळेच त्यांना आई म्हणायचे) हरभऱ्याची डाळ शिजवली, कटासाठी येळवणी बाजूला काढली, गूळ चिरला आणि पातेल्यापुढे तशाच उभ्या राहिल्या. जरा वेळाने मला विचारलं, “आता ह्याचं काय करायचं?” पन्नास वर्षं ज्यांच्या पुरणाला अख्ख्या आळीत तोड नव्हती, त्या हे विचारत होत्या. “आई, दमलात तुम्ही, बसा जरा,” असं म्हणून पुरण मी वाटलं.

त्यानंतर तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोहोचायला आम्हाला चौदा महिने लागले. पंचाहत्तरी उलटली, वय झालं, असं आम्ही म्हणत राहिलो, आणि ज्यांच्याकडे नेहमी जायचो त्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. शेवटी तपासण्या झाल्या तेव्हा बी-१२ अगदी कमी निघालं, थायरॉइड मंदावलेलं होतं, आणि कोणे एके काळी सुरू झालेली झोपेची गोळी आठ वर्षं तशीच चालू होती. हे तिन्ही दुरुस्त केल्यावर आई बऱ्याच सावरल्या. पूर्ण नाही, कारण त्याखाली अल्झायमरही होता. पण ते चौदा महिने गेले ते गेलेच.

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं हा आजार घरात सांभाळला आणि आता इतर घरांतल्या सांभाळणाऱ्यांसोबत बसते, त्या अनुभवावर हा लेख आहे. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. मात्र कोणत्या क्रमाने काय करायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तो नाही. वय वाढलं की धोका वाढतो हे खरं, पण स्मृतिभ्रंश हा आजार आहे आणि आजाराला कारण असतं. ते शोधायचं.

पायरी १: वहीत लिहायला सुरुवात करा

मंडईत जाऊन कोथिंबीर आणायची राहिली, तर तो विसरभोळेपणा. पण तीस वर्षं ज्या मंडईत जातो तिथून घरचा रस्ता सापडेना, तर ते वेगळं. पाहुण्याचं नाव चटकन आठवलं नाही आणि रात्री आठवलं, तर काळजी नको. तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा आला आणि आधी विचारल्याचा पत्ताच नाही, तर लक्ष द्या.

विसरणं हे एकच लक्षण नव्हे. नेहमीच्या कामातल्या पायऱ्यांचा क्रम चुकणं (आमचं पुरण), सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं, बोलताना शब्द न सापडून ‘ते, हे, ते आपलं’ असं होणं, आंघोळीची टाळाटाळ, उलटा ब्लाऊज, शांत माणसाचं एकदम संशयी होणं, आवडीच्या भजनी मंडळात जायचं बंद होणं, या सगळ्या नोंदी आहेत.

एक साधी वही घ्या. तारीख, काय घडलं, कुणी पाहिलं. दोन-तीन आठवडे पुरेत. पहिल्या पानावर एवढं लिहा: सुरुवात कधी झाली, हळूहळू झाली की एकदम, गेल्या सहा महिन्यांत पडणं झालंय का, चाल बदललीय का, लघवीवरचा ताबा सुटतोय का, नसलेली माणसं किंवा मुलं दिसतात का, झोप आणि मन कसं आहे, शाळा कितवीपर्यंत झाली. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना तुमच्या तोंडी गोष्टीपेक्षा या पानाचा उपयोग जास्त होतो.

घरात परीक्षा घेऊ नका. “ओळखा बघू मी कोण?” हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि उत्तर न आलेल्या माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मी पाहिलंय.

पायरी २: हे अचानक झालंय का?

काल ठीक असलेलं माणूस आज भलतंच बोलतंय, रात्रभर अंथरूण चाचपतंय, किंवा नुसतं झोपून आहे आणि हाकेला नीट ओ देत नाही, तर हा बहुधा स्मृतिभ्रंश नाही. आपल्याकडे याला ‘वात झाला’ म्हणतात. डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि ती तातडीची बाब आहे. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर फार कमी-जास्त होणं, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, अनेक दिवसांचं बद्धकोष्ठ, नवीन औषध, यांतलं काहीही असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोली अडखळणं दिसलं तर तो पक्षाघात समजून लगेच मोठ्या रुग्णालयात हलवा. तिथे मिनिटं मोजली जातात.

ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश आहे त्यांनाही वात होतो, आणि तेव्हा घरचे हमखास म्हणतात, “आजार वाढला.” तीन दिवसांत आजार सहसा वाढत नाही. दुसरं काहीतरी झालंय, ते शोधायचं.

पायरी ३: कुणाकडे जायचं, काय न्यायचं

न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ, तिघांपैकी कुणीही चालतील. खासगी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार आणि मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. वेळ मोडतो, पण तपासण्या एका छताखाली होतात.

न्यायच्या वस्तू तीन: वही, चष्मा-कानाचं यंत्र, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी. यादी नको, पिशवीच. सर्दीची गोळी, वैद्यांचं चूर्ण, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, सगळं. “तुमची स्मरणशक्ती तपासायला जाऊ” म्हटलं तर आई आल्या नसत्या. “रक्तदाब बघून येऊ” म्हटल्यावर आल्या, आणि रक्तदाब बघितलाही.

तिथे तीस गुणांची तोंडी चाचणी होते. तारीख-वार, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करणं, एक आकृती काढणं वगैरे. उत्तर सुचवू नका, खुणा करू नका. शाळा न शिकलेल्या माणसाचे गुण आजार नसतानाही कमी येतात, म्हणून शिक्षण आधीच सांगा. याच अडचणीसाठी हरियाणातल्या बल्लभगढच्या ग्रामीण अभ्यासात निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी चाचणी तयार झाली होती.

मग रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन व पेशी, बी-१२, थायरॉइडची टीएसएच, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृत, साखर, कॅल्शियम, आणि गरजेनुसार सिफिलिस व एचआयव्ही. शेवटच्या दोन नावांनी दचकायला नको. दोन्ही मेंदूवर परिणाम करू शकतात आणि दोन्हींवर उपचार आहेत. मेंदूचं एकदा तरी सीटी किंवा एमआरआय व्हायला हवं. यातलं काही न करता पहिल्याच भेटीत ‘स्मृतिभ्रंश आहे, ही गोळी घ्या’ असं झालं, तर नम्रपणे विचारा: “बी-१२, थायरॉइड आणि मेंदूचा फोटो करून घ्यायचा का?” हा प्रश्न विचारायला आम्ही चौदा महिने घेतले. तुम्ही घेऊ नका.

पायरी ४: दुरुस्त होण्याजोगं काय आहे?

आधी पिशवीतल्या गोळ्या. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या व काळजीच्या गोळ्या, नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, लघवी रोखण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, ही औषधं म्हाताऱ्या मेंदूला धुक्यात ढकलतात. मात्र झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर एका रात्रीत बंद करू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्याने उतरवतात.

बी-१२ आपल्याकडे फार महत्त्वाचं, कारण ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं आणि शाकाहारी वृद्धांचं दूधही पुष्कळदा चहापुरतं उरलेलं असतं. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी उतरतं. विसरण्यासोबत पायांत मुंग्या आणि चालताना तोल जाणं असेल तर संशय पक्का. सुरुवातीला इंजेक्शनं, मग गोळ्या. जितकी कमतरता जुनी तितकं भरून येणं कमी.

थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त आणि थंड होतं. रोजच्या एका स्वस्त गोळीने सुधारतं.

नैराश्याचा घोळ सगळ्यांत जास्त होतो. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांत आजोबांना काही आठवेनासं झालं, तर आधी मनाकडे बघा. नैराश्यातला माणूस स्वतःच तक्रार करतो, “मला काही लक्षात राहत नाही हो,” आणि प्रश्नाला “माहीत नाही” म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंशाचा माणूस बहुधा “मला काही झालेलं नाही” म्हणतो आणि चुकीचं का होईना, उत्तर देतो. ही काटेकोर कसोटी नाही, पण खूण चांगली आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात.

न्हाणीघरात पडून डोकं आपटलं, तेव्हा काही वाटलं नाही, आणि तीन-चार आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला, तर मेंदूवर साचून राहिलेलं रक्त असू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. सीटीत दिसतं, शस्त्रक्रियेने काढता येतं. आणि चाल अडखळून पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, लघवी न थांबणं, विसरणं, हे तीन एकत्र आले तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार असू शकतो; निवडक रुग्णांना त्यात बारीक नळी बसवून फरक पडतो. रोजची दारू, झोपेत श्वास अडकणं, मेंदूतली गाठ, यांचाही शोध डॉक्टर घेतातच.

आणि कान. ज्याला ऐकूच आलं नाही, ते त्याला आठवणार कुठून?

पायरी ५: आजाराचं नाव विचारून घ्या

‘स्मृतिभ्रंश’ हे छत्र आहे. त्याखाली कोणता आजार आहे ते विचारा, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं.

सर्वांत जास्त अल्झायमर. जगभरात स्मृतिभ्रंशाच्या साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत तो असतो. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूच्या तपासणीतून तो मांडला. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाच्या गुंतवळी साठतात, पेशी मरत जातात. नव्या आठवणी जिथे नोंदल्या जातात तो हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर तडाख्यात सापडतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि लग्नात पंगतीला काय होतं ते मात्र साग्रसंगीत सांगता येतं. “सोयीचं तेवढं बरं आठवतं!” असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगा. आईंच्या बाबतीत मला ते फार उशिरा कळलं.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, लहान-मोठे पक्षाघात यांनी मेंदूचे तुकडे उपाशी पडतात. हा बहुधा पायरी-पायरीने उतरतो: बरेच दिवस तसंच, मग एकदम खाली. पुष्कळ वृद्धांत अल्झायमर आणि हा, दोन्ही असतात.

लुई बॉडी प्रकारात अंगणात मुलं दिसतात, पलंगावर कुणी बसलेलं दिसतं, चाल पार्किन्सनसारखी होते, आणि दिवसातल्या दिवसात माणूस कधी लख्ख तर कधी हरवलेलं असतं. अशा रुग्णाला भास शमवणारं हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर जखडून जीवावर बेतू शकतं. हे निदान झालं असेल तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. रात्रपाळीच्या डॉक्टरांना ते दिसलं पाहिजे. चौथा, कपाळामागच्या भागाचा आजार, बहुधा पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान, आणि त्यात आधी जातो तो स्वभाव. लाज, पोच, माया कमी होते. घरचे ‘म्हातारचळ’ म्हणतात किंवा भांडत बसतात.

मुलं विचारतात, “आम्हालाही होणार का?” थेट आई-वडिलांकडून ठरूनच येणारे प्रकार अगदी थोडे. उलट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा टाळण्याजोगी कारणं मांडली आणि त्यांवर काम केलं तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिला. त्यांत चाळिशीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बैठं जगणं, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, नैराश्य, डोक्याला मार, प्रदूषित हवा आणि लहानपणी तुटलेलं शिक्षण आहे. दुचाकीवर हेल्मेट आणि मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया ह्याही त्यातच आल्या.

पायरी ६: औषधांकडून किती अपेक्षा ठेवायची

डोनेपेझिल बहुतेकांना पहिलं मिळतं. ५ मिलीग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १०. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं, भयानक स्वप्नं आणि मंद नाडी हे त्याचे त्रास. स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी घ्यायची का ते विचारा. चक्कर येऊन पडलं किंवा नाडी फार कमी असेल तर लगेच कळवा. रिव्हास्टिग्मिन कॅप्सूलमध्ये आणि पट्टीच्या स्वरूपात मिळतं. पोट बिघडत असेल तर पट्टी बरी. नवी चिकटवताना जुनी काढली का, ते रोज बघा. मेमँटिन मधल्या आणि पुढच्या टप्प्यात, ५ पासून हळूहळू २० मिलीग्रॅमपर्यंत. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी.

ही औषधं आजार थांबवत नाहीत. काही जणांत काही महिने, कधी त्याहून जास्त, माणूस आहे तिथे टिकून राहतं. स्वतः जेवणं, स्वतः संडासला जाणं आणखी सहा महिने टिकलं तर सांभाळणाऱ्याला ते फार आहे. तीन-चार महिन्यांनी वही उघडून डॉक्टरांसोबत ठरवा: फायदा दिसतो की नुसता त्रास?

अमायलॉइड धुऊन काढणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही शिरेतून देण्याची औषधं अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. ती फक्त सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत, वेग थोडा मंदावतात, गेलेलं परत आणत नाहीत. मेंदूला सूज येणं किंवा रक्तस्राव होणं हा धोका असल्याने वारंवार एमआरआय लागतो. मधल्या टप्प्यातल्या आईसाठी कुणी त्यांच्या नावाने मोठी रक्कम सांगत असेल तर थांबा. ‘स्टेम सेलने बरं करतो’ म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा. ब्राह्मी-शंखपुष्पीने झालेला स्मृतिभ्रंश उलटल्याचा भक्कम पुरावा नाही; देत असाल तर डॉक्टरांना सांगून द्या.

आरडाओरडा, संशय, मारणं यांवर मानसविकाराची (अँटिसायकोटिक) गोळी मागायची घाई करू नका. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची वेळ आली तर डॉक्टर ती कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी देतात. कधी बंद करायची, हे सुरू करतानाच विचारा. त्याआधी बघा: दात दुखतोय का? पोट साफ झालंय का? लघवीला जळजळ आहे का? सांगता न येणारं दुखणं असं हातांतून बाहेर पडतं.

पायरी ७: सहीला अर्थ आहे तोवरची कामं

निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही बोलणी करा, त्यांच्यासमोर आणि त्यांच्या इच्छेने. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी, आणि त्याच सुमाराचं ‘समज शाबूत आहे’ असं डॉक्टरांचं पत्र जोडा. बँकेचं खातं संयुक्त करा, वारसनोंद तपासा.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. साधं मुखत्यारपत्र, देणाऱ्याची समज गेली की कायद्याने निष्प्रभ होतं. पुढे व्यवहारांसाठी पालक नेमून घ्यायला अनेक घरांना उच्च न्यायालयात जावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती नेमता येते. पेन्शनसाठी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरूनही देता येतो.

फोनवरच्या फसवणुकीला ही माणसं फार लवकर बळी पडतात. खात्याची मर्यादा कमी करा, अनोळखी क्रमांक बंद करा. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० ला फोन.

पायरी ८: घर

न्हाणीघराची आतली कडी काढून टाका, आज. आई एकदा आत अडकल्या आणि कडी कशी उघडायची ते त्यांना सुचेना. दार तोडावं लागलं. गरम पाण्याची बादली त्या जाण्याआधी विसणून ठेवा. पायपुसणी आणि सतरंज्या, ज्यांत पाय अडकतो, त्या उचला. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. फिनाइल, औषधं, उंदराचं औषध कुलपात. संडासच्या दारावर मोठं चित्र, रात्री तिथपर्यंत दिवा. आरशातलं माणूस ओळखू येईनासं झालं आणि भीती वाटू लागली, की आरसा झाका.

बाहेर निघून जाणं बऱ्याच घरांत एकदा तरी घडतं. गळ्यातल्या लॉकेटमागे किंवा कपड्याच्या आत फोन नंबर शिवा, ताजा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, वॉचमन, वाणी आणि रिक्षा स्टँडवर सांगून ठेवा. लाजू नका, आमच्या आईंना दोनदा रिक्षावाल्यानेच आणून सोडलं. सापडत नसतील तर तासभर वाट न बघता ११२. आधी त्यांच्या जुन्या घराच्या, जुन्या शाळेच्या, नेहमीच्या देवळाच्या दिशेने शोधा.

पायरी ९: दिवस कसा काढायचा

इथे थोडी रेंगाळते, कारण सगळा आजार इथेच जगला जातो.

“माझी पाटली हिनं घेतली.” हे वाक्य जवळपास प्रत्येक सुनेने ऐकलेलं असतं, आणि ते काळजात रुततं. वस्तू ठेवली कुठे हे आठवत नाही, रिकामी जागा तेवढी दिसते, आणि मेंदू गोष्ट पुरी करतो: कुणीतरी नेली. आरोप जवळच्यावर येतो कारण समोर तोच असतो. “मी कशाला घेऊ?” म्हणून काही सिद्ध होत नाही. “अगंबाई, कुठे गेली? चला, शोधू,” म्हणायचं आणि सोबत शोधायचं. लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. आमच्याकडे उशीचा अभ्रा आणि तांदळाचा डबा. खरं सोनं लॉकरमध्ये, हातात तशीच दिसणारी खोटी पाटली. बटवेही सारखेच दोन घ्या.

“मला घरी जायचंय,” त्या स्वतःच्याच घरात बसून म्हणायच्या. पहिली दोन वर्षं मी सांगत राहिले, “आई, हेच तुमचं घर.” त्या रडायच्या. मग एकदा विचारलं, “घरी कोण कोण आहे?” आणि माहेरची विहीर, गोठा, थोरला भाऊ असं सगळं निघालं. अर्ध्या तासाने त्या शांत झोपल्या. त्यांना पत्ता नको होता, सुरक्षित वाटायला हवं होतं. गेलेल्या माणसाबद्दल विचारलं तर दरवेळी “ते वारले ना!” सांगू नका; प्रत्येक वेळी तो मृत्यू त्यांच्यासाठी नवा असतो. “आठवण येते का?” म्हणा आणि ऐका.

बोलताना समोर या, डोळ्यांच्या पातळीवर, एका वेळी एकच वाक्य. “चहा घेणार की दूध की सरबत?” याऐवजी “चहा घ्या” म्हणून कप हातात. उत्तरासाठी मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.

तिन्हीसांजा सर्वांत अवघड. सावल्या लांबतात, घरात माणसं येतात-जातात, दिवसाचा थकवा असतो, घालमेल वाढते. काळोख पडायच्या आधीच दिवे लावा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, चारनंतर चहा नको, पाचला गच्चीवर किंवा गल्लीत फेरी. मग हातांना काम: शेंगा सोलणं, वाती वळणं, मेथी निवडणं. निवडलेली मेथी पुन्हा निवडायला दिली तरी चालते. भूपाळ्या, ओव्या, पाढे, शुभंकरोति हे शब्द बोलता येईनासे झाल्यावरही पुष्कळ दिवस टिकतात. आईंना माझं नाव येत नव्हतं तेव्हाही जात्यावरची ओवी पुरी यायची.

आंघोळीला ‘चला आंघोळीला’ म्हणून नेऊ नका. थंडी, उघडेपण आणि डोक्यावरून पडणारं पाणी यांची भीती असते. खुर्चीवर बसवा, अंगावर टॉवेल राहू द्या, पायांपासून सुरू करा, तांब्या त्यांच्या हातात द्या. एखाद्या दिवशी नकोच म्हणाल्या तर ओल्या फडक्याने पुसलं तरी बास. नऊवारी किंवा सहावारीतून पुढे बटणांचा गाऊन सोपा, पण ज्या बाईने जन्मभर साडी नेसली तिला तो एका दिवसात घालायला लावू नका.

जेवणात एका वेळी एकच पदार्थ, ठसठशीत रंगाच्या ताटात. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही. चमचा जमेनासा झाला की हातात धरता येईल असं द्या: थालीपिठाचे तुकडे, धिरड्याची गुंडाळी, केळं. दर महिन्याला वजन लिहा.

पायरी १०: सांभाळणारं माणूस

हे काम एका बाईवर पडतं, बहुधा बायकोवर किंवा सुनेवर, आणि परदेशातले भाऊ-बहीण फोनवरून सूचना देतात. पहिल्याच महिन्यात सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा: पैसे कोण, रात्र कोण, रुग्णालयाच्या फेऱ्या कोण, आणि वर्षातून पंधरा दिवस येऊन पूर्ण ताबा कोण घेणार. लांब असलेल्याने बँकेची, विम्याची, औषध मागवण्याची कामं उचलावीत.

ब्युरोची मावशी ठेवाल तेव्हा ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस पडताळणी करा, आणि पहिला आठवडा स्वतः सोबत राहा. या माणसाला काय आवडतं, कशाने चिडतं, हे एका कागदावर लिहून द्या. आठवड्याची सुट्टी द्या. दमलेली मावशी आणि दमलेली सून, दोघींचा हात सुटू शकतो. मला एकदा आईंवर हात उगारावासा वाटला होता. मी बाल्कनीत जाऊन दार लावून उभी राहिले. तेव्हा कुणाला फोन करायचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून इथे लिहिते: मनासाठी टेली-मानस १४४१६, ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखांतून मार्गदर्शन आणि सांभाळणाऱ्यांचे गट मिळतात.

पायरी ११: शेवटचा टप्पा

बोलणं, चालणं, मग गिळणं जातं. भरवताना पाठ पूर्ण ताठ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर पेजेसारखं दाटसर. जेवणानंतर तोंड पुसून दात-हिरड्या स्वच्छ करा; तोंडातली घाण छातीत उतरून न्यूमोनिया होतो. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघा, हवेची गादी भाड्यानेही मिळते.

नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न बहुधा मध्यरात्री, रुग्णालयात, घाबरलेल्या माणसांपुढे येतो. म्हणून आधीच बोलून ठेवा. या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही. उलट नळी उपसली जाऊ नये म्हणून हात बांधायची वेळ येते. हाताने, प्रेमाने, घेतील तेवढं भरवणं हाही पूर्ण उपचार आहे. आम्ही नळी घातली नाही. वेदनाशमनासाठी उपशामक सेवेच्या डॉक्टरांना लवकर भेटा. काही शहरांत त्यांचं पथक घरी येतं.

आईंच्या मुठी शेवटच्या काही महिन्यांत घट्ट मिटलेल्या असायच्या, नखं तळव्यात रुतायची. ओढून उघडली तर दुखतात. मनगट हलकेच आतल्या बाजूला वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात. मग करंगळीपासून एकेक बोट सोडवायचं, तळवा कोमट पाण्याने पुसून कोरडा करायचा, खोबरेल लावायचं आणि जुन्या सुती साडीची मऊ गुंडाळी हातात द्यायची. सकाळी एकदा, संध्याकाळी दिवे लावल्यावर एकदा.